आजऱ्याचं आणि आजाऱ्याचं पाणी

मी वाढवून सांगतो असा माझ्यावर जुना आरोप आहे. म्हणून सुरुवातीला अगदी खरं तेवढंच सांगतो. आमच्या नळाला एकदा मासा आला होता. चांगला वीतभर. आत्यानं त्याला ओंजळीत धरलं, "आज संकष्टी हाय, उद्या ये," असं तोंडावर सांगितलं आणि मोरीत सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी तो आला की नाही ते सांगत नाही. तुमचा विश्वास बसायचा नाही.

संस्थान विलीन होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. राज्य बदललं, पाणी तेच राहिलं. पावसाळ्यात ते असं यायचं की पेल्यात भाताचं रोप लावावं आणि दसऱ्याला कापणी करावी. आत्या, म्हणजे वडिलांची विधवा बहीण आणि आमच्या घरातलं न विलीन झालेलं एकमेव संस्थान, घागरीच्या तोंडाला दुहेरी फडकं बांधायची आणि गाळलेल्या पाण्यात तुरटीचा खडा फिरवायची. एवढ्या बंदोबस्तावर आमच्या तीन पिढ्या जगल्या होत्या. जे जगले नव्हते त्यांची मोजदाद आमच्यात करत नसत.

तो बंदोबस्त चुकवून एका श्रावणात विषमज्वर घरात शिरला आणि त्यानं माझ्या बायकोला गाठलं. त्या एकवीस दिवसांबद्दल मी काहीही वाढवून सांगत नाही.

ती वाचली. पुढच्या वर्षी बाळंतपणासाठी आजऱ्याला माहेरी गेली, मुलगी झाली. बारशाला मी मुलीला एकदा पाहिलं. तिनंही मला एकदा पाहिलं आणि भोकाड पसरलं. मुलगी चार महिन्यांची झाली तेव्हा सासऱ्यांचं कार्ड आलं. ते सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेले कंपौंडर. औषधाच्या बाटलीवर डोसाच्या खुणांची पट्टी चिकटवावी तसं मोजून लिहायचे.

"जावईबापूंस आशीर्वाद. घरात पाणी उकळून पिण्यास सुरुवात करावी, नाहीतर चांगला फिल्टर घ्यावा. मी समक्ष येऊन पाहीन. तोवर दोघी इथेच."

'दोघी इथेच' हे शब्द त्यांनी दोनदा गिरवले होते.

मी कार्ड मोठ्यानं वाचून दाखवलं. आत्या भाकरी थापता थापता म्हणाली, "उकळल्यालं पाणी आजाऱ्यानं प्यावं. आमी काय आजारी हाय व्हय?"

"आत्या, आजऱ्यानंच सांगितलंय."

"मग आजऱ्याचं पाणी आजऱ्यात प्या म्हणावं. हितं सरपण काय झाडाला लागतंय?"

सरपण झाडालाच लागतं, हे सांगायची माझी छाती झाली नाही.

खरं म्हणजे पाणी उकळायला एक पातेलं पुरलं असतं. पण मी हायस्कुलातला मराठीचा मास्तर. घरी आलेल्या पाहुण्याला उकळलेलं पाणी दाखवणार कसं? ते न उकळलेल्या पाण्यासारखंच दिसतं. फिल्टर कसा, लांबून दिसतो! सुट्टीत मुंबईला गेलो आणि पांढऱ्याशुभ्र चिनी मातीचा, टोपीवाला, तोटीवाला फिल्टर घेतला. रात्रभर मांडीवर धरून आणला. मिरजेला गाडी बदलताना एका बाईनं विचारलं, "कितवा महिना चाललाय बाळाला?" मी म्हणालो, "पाचवा." ते खोटं नव्हतं.

आत्यानं झाकण उघडून आत डोकावलं. "हे दोन पांढरे खुंट कसले?"

दुकानदारानं त्यांना कँडल म्हटलं होतं. पण त्या काळात मी इंग्रजी शब्दांना घराबाहेर काढायचं व्रत घेतलं होतं. सायकलला 'द्विचक्री' म्हणता म्हणता तिच्यावरून दोनदा पडलोही होतो.

"मेणबत्त्या," मी म्हणालो.

"पाण्यात मेणबत्ती? पेटायची कशी ती?"

"पेटवायच्या नाहीत आत्या. वरचं पाणी त्यांच्यातून पाझरून खाली येतं. घाण वर राहते."

"मग पाझरबत्ती म्हण की! मास्तर हाईस का कोण?"

शब्द माझ्यापेक्षा चांगला होता, म्हणून मी तो कधीच वापरला नाही. वापरला असता तर पुढचं बरंच टळलं असतं.

फिल्टर पाझरायला लागला. म्हणजे तसा लागला असावा. एका थेंबापासून दुसऱ्या थेंबापर्यंत आत्याची एक एकादशी निघायची. शेजारचे पैलवान रोज तालमीतून येताना तोटीखाली तांब्या धरून उभे राहायचे. एकदा उभ्या उभ्या त्यांची दाढी वाढली. शेवटी तांब्या तोंडाला लावून म्हणाले, "मास्तर, ह्या पाण्यात जीवच न्हाय. सगळी ताकद त्या खुंटांनी वढून घेतलीया."

"व्हय की," आत्या म्हणाली. "आमचा मास्तर पगार देऊन पाणी आजारी पाडतोय."

आणि मग एका दिवशी चमत्कार झाला. मी शाळेतून घरी आलो तो तोटीतून धो धो पाणी पडत होतं. आत्या कमरेवर हात ठेवून उभी होती.

"काय केलंस?"

"घासलं की! किती दिसाची बुरशी हुती. राख घेतली, काथ्या घेतला, वर इटकरीचा तुकडा. आता बघ कसं पळतंय!"

पळत होतं हे खरं. सगळी गल्ली बघायला आली. पैलवानांनी लागोपाठ दोन तांबे रिचवले आणि दंडावर थाप मारली. "आता कसं! ह्याला म्हणत्यात पाणी." मी त्याच दिवशी आजऱ्याला कार्ड टाकलं: फिल्टर उत्तम चालला आहे, समक्ष यावं.

सासरे आले. एस.टी.तून उतरून चालत, चपलांना आजऱ्याची तांबडी माती तशीच. आत्यानं पदर सावरून सांगितलं, "बसा पावणं. आदी आमच्या फिल्टरचं पाणी घ्या." आणि तोटी सोडली. पेला भरायला डोळ्याचं पातं लवण्याइतकाही वेळ लागला नाही. मला वाटलं, जिंकलो.

सासऱ्यांनी पेला हातात घेतला, पण ओठांना लावला नाही. ते पेल्यातल्या पाण्याकडे न बघता तोटीतून पडणाऱ्या धारेकडे बघत होते. मग खाली वाकले, चपलेची माती चिमटीत खरवडली, फिल्टरचं झाकण उचललं आणि ती आत टाकली.

"अगंबया! पावणं!" आत्या ओरडली.

"थांबा बाई."

थांबायला फार लागलं नाही. तोटीतून तांबडं पाणी आलं. असलं तांबडं की चहाला शोभावं.

"जावईबापू," सासरे शांतपणे म्हणाले, "सावकाश गळतोय तोवर फिल्टर. पळाया लागला की तोटी लावलेली घागर. कँडलला तडा गेलाय. मऊ ब्रशानं नुसतं पुसायचं असतं." मग आत्याकडे न बघता विचारलं, "विटेनं घासलं का कुणी?"

आत्यानं विटेचा तुकडा पायानं हळूच मोरीकडे सरकवला. सासऱ्यांनी पेला तसाच खाली ठेवला, स्वतःच्या पिशवीतली उकळलेल्या पाण्याची बाटली काढून दोन घोट घेतले आणि संध्याकाळच्या एस.टी.नं परत गेले. जाताना एवढंच म्हणाले, "दोघी खुशाल हाईत. घाई न्हाय."

मला होती. रातोरात मुंबईच्या दुकानाला कार्ड लिहिलं, शुद्ध मराठीत, एकही परका शब्द न घालता: "कृपया मेणबत्त्या दोन, उत्तम प्रतीच्या, टपालानं पाठवाव्यात. आपल्या जलशुद्धीपात्रात बसणाऱ्या असाव्यात." दुकानदार सज्जन होता. पहिलं वाक्य त्यानं जसंच्या तसं पाळलं. जलशुद्धीपात्र म्हणजे काय हे त्यालाच काय, माझ्याखेरीज उभ्या महाराष्ट्राला ठाऊक नव्हतं. आठ दिवसांनी पार्सल आलं. आत दोन मेणबत्त्या. वीतभर लांब, वाती असलेल्या.

मी ओसरीवर त्या हातात धरून बसलो. पैलवान डोकावले. "मास्तर, कुणी गेलं का काय?"

मला वाटलं आत्या आता वर्षभर पुरेल एवढं हसणार. ती हसली नाही. आत गेली. थोड्या वेळानं चुलीत काटक्या मोडल्याचा आवाज आला. मी पाहिलं तर सणासुदीचं मोठं पातेलं चुलीवर चढलेलं आणि त्यात काठोकाठ पाणी. शेजारी ट्रंक उघडी. ट्रंकेत वरच एक दुपटं होतं, लुगड्याच्या तुकड्यांचं, बारीक टाक्याचं. ते ती कधी शिवत होती कोण जाणे.

"काय बघतोस? लिही," ती धुरात डोळे पुसत म्हणाली. "लिही, तुमचं आजऱ्याचं पाणी आमच्या चुलीवर चढलंय. खळखळ उकळतंय. रोज उकळंल. इश्वास नसंल तर येऊन चुलीफुडं बसा. पर पोरीला धाडा."

मी शब्द न शब्द तसाच लिहिला. आयुष्यात एवढं शुद्ध मराठी मी दुसऱ्यांदा लिहिलेलं नाही.

सासरे आलेच नाहीत. पुढच्या आठवड्यात बायको आली, कडेवर मुलगी. चप्पल काढल्यावर ती आधी सरळ फिल्टरकडे गेली. बापाची लेक! झाकण उचललं, आत बघितलं. पार्सलातल्या दोन्ही मेणबत्त्या आत्यानं आत उभ्या करून ठेवल्या होत्या.

"आत्याबाई, ह्यात मेणबत्त्या कशा?"

"असायच्याच," आत्या म्हणाली. "फिल्टरमदी कँडल असत्यातच की. तुज्या नवऱ्याला इचार."

बायको इतकी हसली की मुलगी दचकली आणि रडायला लागली. आत्यानं तिला दुपट्यात घेतलं, निवलेल्या पातेल्यातलं पाणी चमच्यानं घेऊन थेंबभर मनगटावर टाकून बघितलं आणि तिच्या ओठाला लावलं. मुलगी गप्प झाली.

"पी माजे बाय," आत्या म्हणाली. "आजऱ्याचं हाय."