तासाभराचं काम

आमच्या अकोल्याच्या गल्लीतला एक शेजारी पस्तिशीचा आहे. रोज इस्त्रीचा शर्ट घालून तो अभ्यासिकेत जातो. खिशाला पेन नसेल तर अर्ध्या रस्त्यातून परत येतो. काय चाललंय विचारलं, की म्हणतो, "नोकरीचे फॉर्म भरून राहिलो."

परवा बेरोजगार मोजणाऱ्या बाई माझ्या ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी त्याला विचारलं, "गेल्या आठवड्यात तासभर तरी काम केलं?"

"मंगळवारी आमच्या पिठाच्या चक्कीवर बसलो. फुकटच."

"तेही चालतं. मग तुम्ही बेरोजगार नाही."

त्याने खिशातलं पेन काढलं. मग म्हणाला, "ताई, हे लेखी द्या ना. रविवारी पोरीवाले येऊन राहिले, त्यायले दाखोतो."

बाई हसल्या. तो मात्र पेन पुढे धरून उभाच राहिला.