बागेत कोणीच नाही

गेल्या गुरुवारी भडगावजवळच्या एका केळीच्या बागेत ड्रोन घेऊन गेले होते… आणि माझं सगळं शहाणपण तिथेच ठेवून जळगावला परत आले.

माझं काम ठिबक सिंचनाचं. कुठली नळी तुंबली, कुठल्या झाडाला पाणी पोचत नाही, हे हल्ली आम्ही वरून बघतो. ड्रोनला थर्मल कॅमेरा असतो. त्याला रंग कळत नाहीत, फक्त ऊब कळते. तहानलेलं झाड जरा तापतं, ते स्क्रीनवर उजळ दिसतं.

बाग आबांची. घरी आबा आणि अक्का, नवरा-बायको दोघंच. एकुलती एक मुलगी मनीषा सुरक्षा दलात, सीमेवर. तिचा फोन रविवारी येतो, आणि सोमवारपासून आबा पुढच्या रविवारची वाट बघतात.

थंडीतली सकाळ, नऊ वाजले असतील. ड्रोन वर गेला आणि आबा स्क्रीनला चिकटलेच. बांधावरचं कुत्रं म्हणजे एक पांढरा ठिपका, विहिरीजवळचा गडी म्हणजे जरा मोठा ठिपका. आबांचे डोळे विस्फारले, आणि मला चेव चढला.

म्हटलं, आबा, हे तर खेळणं आहे. लढाईतले कॅमेरे अंधारात, धुरात, कितीतरी लांबून माणूस हुडकतात. आता तर शेकडो ड्रोनचे थवे एकदम सोडायची तयारी चाललीय. खाली माणूस आहे की दगड, हे यंत्रच ओळखणार… आणि पुढे काय करायचं तेही उद्या कदाचित तेच ठरवणार. बोलता बोलता माझ्याच अंगावर काटा आला, पण तोंड काही थांबेना. टीव्हीवरच्या तज्ज्ञांचं वारं लागलं होतं मला.

आबांना ते पटेना. केळीच्या बागेत शिरलेला माणूस कोणाच्या बापाला सापडत नाही, असं त्यांचं म्हणणं. पुरावा म्हणून त्यांनी त्यांची ठेवणीतली गोष्ट काढली.

आठ वर्षांपूर्वी मनीषाला बघायला पाहुणे येणार होते. इकडे पोहे तयार आणि पोरगी गायब. भाऊबंद, शेजारी, बठ्ठा, म्हणजे अख्खा गाव हुडकत होता. शेवटी अक्का स्वतः बाग पालथी घालून आल्या, तिथेही नाही. पाहुणे चहा पिऊन निघून गेले. संध्याकाळी मनीषा याच बागेतून बाहेर आली आणि महिन्याभरात भरतीचा फॉर्म भरून मोकळी झाली.

"आते मी लपस," आबा म्हणाले. "दखा सापडस का."

गेले आत. खोटं कशाला बोलू, दाट पानांखालचं कॅमेऱ्यालाही दिसत नाही. पण दोन पानांच्या फटीत एक पांढरा तुकडा चमकला, आणि मी ड्रोन खाली घेतला. पाचोळ्यावर उकिडवे बसलेले आबा. ड्रोनचा आवाज ऐकून ते पुढच्या ओळीत सरकले, तरी ते बसले होते तिथे एक फिकट डाग तसाच राहिला… आणि सावकाश विझला. हे मी शंभरदा पाहिलंय. तरी दर वेळी थक्क होते. माणूस उठून जातो आणि त्याची ऊब मागे बसून राहते.

आबा हरणाऱ्यातले नाहीत. दुसऱ्या खेपेला ओलं गोणपाट अंगावर घेऊन बसले. खरंच गायब झाले. मी कौतुकाने बघत राहिले… पण पाच-सात मिनिटांत गोणपाट उबेला आलं आणि पुन्हा तो पांढरा डाग पसरायला लागला.

बाहेर आल्यावर त्यांनी रेकॉर्डिंग पाहिलं. एकदा, दोनदा. चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं.

"मंग मनी पोर तठे कोठे लपी, ताई?"

तठे म्हणजे तिकडे, सीमेवर. मी काहीबाही बोलले. त्यांना ट्रेनिंग असतं, खास कापड असतं, असले कॅमेरे आपल्याकडेही आहेत… सगळं खरं होतं, पण कामाचं काहीच नव्हतं. इतका वेळ मी त्यांच्या पोरीच्या डोक्यावर घिरट्या घालणाऱ्या गोष्टीचं कौतुक त्यांनाच ऐकवत होते. माझी मलाच लाज वाटली.

अक्का मघापासून बांधावर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी ताट खाली ठेवलं आणि मला विचारलं, "त्याले दिसनं का सांगनंच पडस का?"

मी म्हटलं, हो अक्का. दिसलं की सांगायचं, एवढंच तर त्याचं काम.

अक्का आबांकडे न बघता म्हणाल्या, "माले दिसनी व्हती मनीषा. पाचोळामा बठेल व्हती, रडी राहिंती. मी सांगं, बागमा कोनी नही."

आठ वर्षं आबा जी गोष्ट सांगत होते, ती अशी होती. आबा अक्कांच्या शेजारी टेकले आणि ताटातल्या मूठभर शेंगा घेऊन सोलायला लागले.

रविवारी मनीषाचा फोन आला. गोणपाटाचं ऐकून हसली म्हणे, आमच्याकडे त्याहून बरं असतं, काळजी करू नका म्हणाली. मग आबांनी अक्कांचं सांगितलं. तर म्हणाली, मला तेव्हाच माहीत होतं. आईच्या बांगड्या जवळ येऊन थांबल्या होत्या.

आबांनी हे मला फोनवर सांगितलं, तेव्हापासून ऑफिसातल्या त्या ड्रोनकडे बघवत नाहीये. हुशार लोक त्याला उद्या काय काय शिकवतील, कोण जाणे. पण मनीषाच्या डोक्यावर काहीही उडत असो… त्याच्या मागे, स्क्रीनसमोर बसलेल्या कोणाला तरी कधीतरी अक्कांसारखं म्हणता येऊ दे, की बागेत कोणीच नाही.