निकेलचे दोन दांडे आणि नांदेडचा लोहचुंबक

लातूर स्टेशनवर उतरलो तेव्हा माझ्याकडे एक पिशवी, एक व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) आणि नको इतका आत्मविश्वास होता. आमचा सांगलीचा पंपांचा छोटा कारखाना आहे आणि कुठल्या पंपाला कुठला धातू हे ठरवण्याचं काम माझं. औसा रोडवरच्या एका तेलमिलमध्ये आमच्या पंपाचा शाफ्ट दुसऱ्यांदा तुटला होता. नवा शाफ्ट कशाचा करायचा ते ठरवून, समोर उभं राहून करून घ्यायला मला धाडलं होतं.

मिलच्या फाटकापासूनच सोयाबीनचा उग्र, ओलसर वास येतो. तेल शुद्ध केल्यावर साबणासारखा गाळ उरतो. तो गरम गंधकाम्लात फोडून त्यातलंही तेल काढतात. मागे राहिलेलं आम्लाचं गरम पाणी आमचा पंप खेचतो. त्यात बोअरच्या पाण्याचा खारटपणा मिसळला की चांगलं स्टेनलेस स्टीलही वर्षभरात वाळवी लागल्यासारखं पोखरलं जातं. तिथे निकेलचा मिश्रधातूच हवा, तोही नेमका.

तो पंप चालवणारे ज्ञानोबा तिथेच भेटले. पन्नाशीचे, सडपातळ, गळ्यात गमछा. मनगटापासून कोपरापर्यंत त्यांची कातडी चुरगळलेल्या कागदासारखी झाली होती. मी बघतोय हे बघून त्यांनीच सांगितलं.

"शाफ्ट तुटला तवा तेजाब (आम्ल) उडालं. तोंड वाचलं, ही देवाची कृपा." मग विचारलं, "साहेब, ह्यो नवा दांडा तुटणार न्हाई ना?"

"नाही," मी म्हणालो. दांडा मी अजून पाहिलाही नव्हता.

मिलच्या स्टोअरमध्ये मनगटाएवढ्या जाडीचे, हातभर लांब असे दोन दांडे होते. रजिस्टरप्रमाणे एक मोनेलचा, म्हणजे निकेल आणि तांब्याचा. दुसरा 'अलॉय ट्वेंटी'चा, जो खास गंधकाम्लासाठीच घडवलेला. आम्हाला हवा होता दुसरा. या पाण्यात हवा मिसळते, आणि अशा गरम आम्लात मोनेल फार काळ तग धरत नाही. ओळख पटावी म्हणून टोकांना वेगवेगळे रंग लावलेले असतात. नंबर ठोकलेली टोकं तर कोणीतरी आधीच कापून वापरली होती. राहता राहिला रंग, आणि तो कुठेच दिसेना. दोन्ही दांडे आरशासारखे लख्ख, वर कुंकवाचं बोट.

"रंग कुठे गेला?"

ज्ञानोबांनी मान खाली घातली. "खंडेनवमीला मीच घासले. पूजेला हत्यार मांडायचं तर त्याला डाग कसा ठिवायचा, साहेब?"

आमच्या कारखान्यातही खंडेनवमीला व्हर्नियरला हार घालतात. धातू ओळखायचं यंत्र पुण्याला. तुकडा पाठवून उत्तर यायला आठवडा लागला असता, आणि मिल तर येळवशीच्या (वेळ अमावस्येच्या) दुसऱ्या दिवशी सुरू व्हायची होती. येळवस परवावर आलेली. मी म्हणालो, दोन्ही दांडे घेऊन नांदेडला जाऊ, तिथे असले धातू लेथवर कातणारे टर्नर आहेत, त्यांच्याकडेच काय ते ठरवू.

नांदेडची एसटी भरलेली होती. गोणपाटात गुंडाळलेले दांडे ड्रायव्हरने इंजिनाशेजारी ठेवायला लावले. पुढच्या बाकावरच्या आजींनी पायाने चाचपून विचारलं, "काय हाय रे बाबा त्यात? लई जड दिसून राहिलं."

"मिलचा दांडा हाय, आजी," ज्ञानोबा म्हणाले.

"मंग असा मांडीवर घ्यावा की. लेकरावानी जपून राहिलास."

अहमदपूरला चहा आणि गरम भजी झाली. पुढे तुरीची हिरवीपिवळी रानं, मध्येच काळीशार नांगरट. वाटेत लोहा नावाचं गाव लागलं तेव्हा मला हसू आलं. ज्ञानोबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "त्यात काय हसायचं? गावच हाय."

याकूबचाचांचं वर्कशॉप नांदेडच्या जुन्या भागात आहे. पत्र्याची शेड, एक जुनी पण नीट राखलेली लेथ, आणि लेथच्या डोक्यावर दोरीला टांगलेला लोहचुंबक. चाचा सत्तरीचे, तीन पिढ्यांचे टर्नर. आल्या मालाला आधी चुंबक लावायचा, मगच हात लावायचा, हा त्यांच्या वडिलांपासूनचा नेम. इंजिनाच्या धगीने तापलेले दांडे त्यांनी पुढ्यात घेतले, चुंबक दोरीतून सोडवून लावला. दोन्हींवरून तो निसटला.

"दोन्ही एकच दिसतात," चाचा म्हणाले.

"चाचा, निकेलच्या मालाला चुंबकाने काही कळत नाही," मी जरा शिकवण्याच्या सुरात म्हणालो आणि दोन्ही दांडे दारात उजेडाला नेले. एकावर पिवळसर झाक होती, दुसरा पांढरा स्वच्छ. पिवळी झाक म्हणजे तांबं, तांबं म्हणजे मोनेल. मी पांढऱ्यावर बोट ठेवलं. "हा लावा."

चाचांनी पांढरा दांडा चकमध्ये (लेथच्या पकडीत) आवळला. तेवढ्यात लाईट गेली. गल्लीतली डीपी जळाली होती. सकाळशिवाय काही होणार नव्हतं. मी मनात नांदेडच्या विजेला दोन शिव्या हासडल्या. चाचांनी मात्र शांतपणे घरातून तहरी (मसाल्याचा पिवळा भात) मागवली, आणि तिच्यापुढे माझा राग टिकला नाही.

सकाळी हुडहुडी भरवणारी थंडी होती. मी आणि ज्ञानोबा पोचलो तेव्हा चाचा लेथपुढे हात बांधून उभे होते.

"इंजिनेर साहेब, इकडं या. हे काय करून राहिलंय बघा."

चकमधल्या पांढऱ्या दांड्याला चुंबक चिकटून लटकला होता. घट्ट नाही, पण चिकटला होता. पिवळसर दांड्याला लावला, तर सरळ खाली पडला.

"काल सोडत होता, आज पकडतो. माझा चुंबक झूट बोलत नाही," चाचा म्हणाले.

मी दांड्याला हात लावला, तो बर्फासारखा गार होता. मग कॉलेजात वाचलेली, कधीच उपयोगी न पडलेली एक ओळ आठवली. थंडीत मोनेलला चुंबक धरतो. दांडा तापला की सोडतो. अलॉय ट्वेंटीला तो कधीच धरत नाही. मी शेजारच्या टपरीवरून उकळत्या पाण्याची किटली आणली. चुंबकाच्या आजूबाजूला पाणी ओतत गेलो. थोड्या वेळाने चुंबक टणकन लेथवर पडला. दांडा गार झाल्यावर चाचांनी पुन्हा लावला. पुन्हा चिकटला.

म्हणजे मी निवडलेला दांडा मोनेलचा होता. काल लाईट गेली नसती, तर तो शाफ्ट परवा ज्ञानोबांच्या शेजारी गरम आम्लात फिरू लागला असता.

"मग हा पिवळा कशाने दिसतोय?" मी विचारलं.

ज्ञानोबांनी दांडा हातात घेतला, नखाने खरवडला, नाकाशी नेला. "हळद हाय, साहेब. ह्यो वर होता, म्हणून हळदीचं पाणी ह्यालाच लागलं. खालच्याला नुसतं फडकं मारलं व्हतं." चाचा हसले. मला हसता आलं नाही.

लाईट आली. पिवळा दांडा चकमध्ये चढला आणि दुपारपर्यंत शाफ्ट तयार झाला. किस (कापताना निघालेला चुरा) मी कागदात बांधून घेतला. निघताना चाचा म्हणाले, "साहेब, घाईत कापलेला माल परत जोडता येत नाही. जरा सबुरी ठेवत जा." हे त्यांनी इतक्या मायेने सांगितलं की लागलं तरी बरं वाटलं.

येळवशीला ज्ञानोबांनी मला त्यांच्या रानात नेलं, किल्लारीच्या अलीकडे. त्या दिवशी लातूरच्या रस्त्यावर माणूस दिसत नाही, सगळं शहर शेतात. कडब्याच्या कोपीत (खोपटात) पाच पांडवांचे दगड मांडलेले, समोर भज्जी (डाळी आणि पालेभाज्यांची पातळ भाजी), बाजरीचे उंडे (उकडलेले गोळे) आणि बिंदगीत (मातीच्या लहान घागरीत) गार आंबील. दुसरी वाटी संपवल्यावर मी सांगून टाकलं.

"ज्ञानोबा, परवा मी तुम्हाला 'तुटणार नाही' म्हणालो, तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं. नांदेडला तर चुकीचाच दांडा निवडला होता. मला माफ करा."

ते भाजलेल्या हातावरून दुसरा हात फिरवत म्हणाले, "रंग मी पुसला, हळद मी लावली. तुम्ही एकटेच कशाला दोषी? आता सांगा, तुटंल का?"

"योग्य दांडा आहे. तरी महिन्याने उघडून बघा. आणि पंपाला पत्र्याचं झाकण बसवल्याशिवाय जवळ उभे राहू नका."

"हाव," ते म्हणाले. "आता खरं बोलले."

दुसऱ्या दिवशी झाकण बसलं, मगच पंप सुरू झाला. आवाज एकसारखा होता. मी परतीची गाडी पकडली, आणि पुण्याला उतरून किस तपासायला दिला. अलॉय ट्वेंटीच निघाला. आठवड्याने तपासणीचा कागद हातात आल्यावर मला खरोखर रडू फुटलं.

सांगलीत माझ्या टेबलावर आता एक लोहचुंबक असतो. धातू निवडणं म्हणजे तक्त्यात बघणं, असं मी इतकी वर्षं समजत होतो. तक्ता चुकीचा नव्हता, पण तक्त्याला हळद माहीत नव्हती, आणि मला त्या पंपाशेजारी उभा राहणारा माणूस माहीत नव्हता.

यंदा खंडेनवमीला सकाळी ज्ञानोबांचा फोन आला. "पंप बरा हाय, साहेब. महिन्याच्या महिन्याला उघडून बघतो. आज स्टोअरातले समदे दांडे पुसले. कुंकू मधोमध लावलं. टोकाच्या रंगाला हात लावला न्हाई."