घरात फक्त पाहुणा होता

आमची पलटण तीन वर्षं निजामाच्या मुलखात दूर होती. परत आली ती अकोल्याच्या तळावर. तेव्हा अमेरिकेत लढाई जुंपली होती. विलायतेला तिकडचा कापूस मिळेना आणि वऱ्हाडातल्या रुईला सोन्याचा भाव आला. आगगाडी आमच्यापर्यंत पोचायची होती. म्हणून रुई बैलगाड्यांतून जायची आणि आम्ही बंदुका घेऊन गाड्यांमागून चालायचो. दिवसभर धूळ खायची, बैलांना शिव्या द्यायच्या, संध्याकाळी रोल कॉल. याला एस्कॉर्ट ड्युटी म्हणतात. शौर्याच्या गोष्टी हव्या असतील त्यांनी दुसऱ्या कोणाकडे जावं.

मी नाईक होतो, दंडावर दोन फिती. अमरावतीच्या मुक्कामी चार दिवसांची रजा मिळाली. एक दिवस जायला, एक यायला, म्हणजे घरी दोन. घर चांदूर बाजारजवळ, थोरल्या भावाबरोबर एकत्र. मी गेलो तेव्हा मुलगी पोटात होती. आता ती तीन वर्षांची होत आली होती. नाव मैना.

भावाची पोरं भावाला 'बा' म्हणत, म्हणून मैनाही त्यालाच बा म्हणायची. मला बघून ती त्याच्याच धोतराआड लपली. भाऊ बिचारा ओशाळला. मी वरून हसलो, आतून तुटलो. या दोन दिवसांत हिच्या तोंडून बा ऐकल्याशिवाय परतायचं नाही, असं मी मनाशी ठरवलं.

घरच्या पहिल्या सकाळी, आठच्या सुमारास, दारात एक तट्टू थांबलं. वर लान्स नाईक करीम. अचलपूरचा गडी, माझा जोडीदार. तीन वर्षं आम्ही एकाच तंबूत झोपलो होतो. त्याच्या हातात कागद होता. मी अंगणात उघड्या अंगाने बसलो होतो. मैना चिंचोके मांडत होती आणि नुकतीच माझ्या हाताच्या अंतरावर यायला लागली होती.

करीमने मला पाहिलं. मग माझ्या बायकोकडे, पारबतीकडे वळून ड्युटीच्या आवाजात म्हणाला, "हुकूम हाय. नाईक आज संध्याकाळी हजर पायजे. उद्या एस्कॉर्ट निघते. ज्याच्या नावाचा कागद त्याच्याच हाती द्याचा हाय. नाव सांगा."

"आता मी नाव कसं घेऊ भाऊ?" पारबतीने डोईवरचा पदर पुढे ओढला. "आमच्यात धन्याचं नाव घेत नाईत."

"नाव नाई तं कागद नाई."

"मंग राहू द्या."

बाई लाजत नव्हती बरं. एरवी ती रीत होती. त्या सकाळी तिने ती लाठीसारखी आडवी धरली.

करीमने मिशीतलं हसू दाबलं. वाकून मैनाला विचारलं, "बेटी, हा कोन हाय?"

"पाहुना हाय," मैना म्हणाली.

करीमचं हसू गेलं. त्याने सावकाश कागदाची घडी घातली आणि कोणाकडेही न बघता म्हणाला, "नाईक घरी नाई. घरात फकत पाहुना हाय. असाच रपोट लिवतो. एस्कॉर्ट मी नेतो."

मी उठायला हवं होतं. शिपायाचं तेच काम. मी उठलो नाही. तट्टू वळलं आणि गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी भावाची धाकटी पोरगी माझ्या खांद्यावर चढायला लागली. मैनाने धावत येऊन तिचा पाय धरला.

"उतर! हा माहा बा हाय! तुहा बा वावरात हाय!"

दोघींची जुंपली, ओरबाडाओरबाडी झाली. मी दोघींना दोन खांद्यांवर घेतलं आणि पार वेशीपर्यंत फिरवून आणलं. वाटेत मी रडलो. सांगायला मला लाज नाही.

त्याच दुपारी अमरावतीत गाड्या भरताना रुईच्या वखारीला आग लागली. करीमने जुंपलेले बैल सोडवले. आत एक गाडीवान अडकला होता, त्याला बाहेर ढकललं. मग भिंत पडली. मी रजा संपवून त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रोल कॉलला वेळेवर हजर झालो. करीमला सकाळीच दफन केलं होतं.

आमच्या तुकडीच्या जमादारांनी मला बाजूला घेतलं. "करीमचा रपोट लेखी हाय, नाईक सापडला नाई म्हून. तू गप राह्य. तुले कोनी काही म्हनत नाई."

साहेबांपुढे उभा राहिलो. अटेन्शन.

"हुकूम मिळाला होता?"

"ऐकला होता, साहेब."

"करीम लिहितो, घरात फक्त पाहुणा होता. खोटं लिहितो?"

"नाही साहेब. तीन वर्षांनी गेलो होतो. त्या दिवशी माझ्या घरात मी पाहुणाच होतो. त्याने खरं तेच लिहिलं. मी उठलो नाही, हेही खरं."

"पश्चात्ताप?"

"थांबल्याचा नाही, साहेब."

दोन्ही फिती तिथेच कापल्या. मी सलाम ठोकला आणि अबाउट टर्न केलं. पुढची सगळी नोकरी साधा शिपाई म्हणून काढली.

लोक म्हणतात, तुझ्या जागी तो मेला. खरं आहे. म्हणून मी मान खाली घालणार नाही. तीन वर्षं सरकारची होती, दोन दिवस माझ्या पोरीचे होते. पुन्हा तोच कागद आला तर पुन्हा तसाच बसून राहीन. मला सलतं ते वेगळंच. आमच्याकडे दारी आलेल्या माणसाला जेवल्याशिवाय जाऊ देत नाहीत. करीम रात्रभर तट्टू हाकत तेरा कोस आला होता. पारबती माझ्या तोंडाकडे बघत होती. पण 'बस, भाकर खा' असं मी म्हटलं असतं तर मी घरधनी ठरलो असतो, आणि कागद हातात घ्यावा लागला असता. पाहुणा पाहुण्याला जेव म्हणत नाही. तव्यावर भाकर फुगलेली होती आणि करीम माझ्या दारातून उपाशी गेला.