एक घर, एक मत

बेहेरेकाकांचा मला पहिला फोन आला तोच भांडायला. २००२ सालची गोष्ट. अमेरिकेतल्या कॅरी गावातल्या आमच्या छोट्या मराठी मित्रमंडळाची मी सेक्रेटरी, म्हणजे हॉल बुक करणारी, खुर्च्या मांडणारी आणि सगळ्यांची बोलणी खाणारी.

"मंडळाला घटना नाही म्हणजे काय?" काकांनी नाव सांगायच्या आधीच विचारलं.

मी म्हटलं, "काका, चाळीस घरं आहेत. पाडवा, गणपती, दिवाळी करतो. घटना कशाला?"

"चाळीस घरांना नको, तर मग कोणाला हवी?"

पुढच्या शनिवारी हाताने लिहिलेले अकरा कागद घेऊन ते माझ्या दारात उभे. मी मुळातच तिरसट बाई, आठवडाभर ऑफिसात दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधून डोकं उठलेलं. तरी त्यांची बायको, नीलांबरीकाकू, सोबत होत्या आणि त्यांनी डब्यातून खोबऱ्याच्या वड्या आणल्या होत्या, म्हणून मी मुकाट्याने टाइप करायला बसले. सातव्या कलमावर काका अडून बसले. आमच्यातल्या एका घरात आई-वडील, सासू-सासरे धरून सहा मोठी माणसं होती. ते प्रत्येक ठरावात आपलंच घोडं दामटायचे. काकांनी लिहिलं होतं, सभासदत्व कुटुंबाचं, एका पत्त्यावर एकच मत. "म्हणजे मोठा लहानाला गिळणार नाही," असं ते म्हणाले. तेव्हा काका-काकूंचं स्वतःचं दोन खोल्यांचं अपार्टमेंट होतं, मुलाच्या घरापासून दहा मिनिटांवर.

चंद्रशेखर बेहेरे १९६२ साली पुण्याहून इंग्लंडला गेले आणि रेडिंग गावात कौन्सिलच्या वजनमाप खात्यात निरीक्षक झाले. अठ्ठावीस वर्षं बाजारात फिरून काटे तपासले. कसायाचा काटा दोन औंस खोटा निघाला तर गोरा कसाई या काळ्या माणसापुढे टोपी काढून उभा राहायचा, हे सांगताना काकांची मान अजून ताठ व्हायची. युरोपच्या बाजारात राहायचं का, असं १९७५ साली इंग्लंडने लोकांना विचारलं, तेव्हा काकांनी 'हो' म्हटलं होतं. "मला वाटलं, बाजारच आहे. मी बाजारातलाच माणूस. कोणी सांगितलं होतं की पुढे कायदेही तिकडून येणार?" पुढे पौंड-औंस जाऊन किलो आले, निळा पासपोर्ट जाऊन लाल आला. पौंडाच्या हिशेबाने सुटी केळी विकणं गुन्हा झाला. ज्या पौंडासाठी या माणसाने हयात घालवली, तो पौंडच बेकायदा ठरला. त्या 'हो'चा पश्चात्ताप त्यांना आयुष्यभर पुरला.

ऋषी त्यांचा एकुलता एक. तो कॅरीत औषधांच्या कंपनीत लागला, नात झाली, म्हणून २००१ मध्ये दोघं इकडे आले. अमेरिकेतली काकांना आवडलेली एकमेव गोष्ट म्हणजे इथे अजून पौंड चालतो. दर शनिवारी मी त्यांना भाजीला न्यायची, तेव्हा ते केळ्यांचा घड काट्यावर ठेवायचे, काटा स्थिर होईपर्यंत वाकून बघायचे आणि म्हणायचे, "सव्वादोन." मागे लोक खोळंबलेले. मी म्हणायची, "काका, केळीच आहेत, सोनं नाही."

काकू २००५ मध्ये गेल्या. काका मुलाच्या घरी राहायला आले, तेही सोयीसाठी, थोडे दिवस. मग पार्किंगमध्ये कोणाच्या तरी आरशाला धक्का लागला आणि त्यांची गाडी विकली गेली. चारचा चहा पाचवर गेला, कारण शिवांगी, सून, पाचला घरी यायची आणि काकांनी एकट्याने गॅस पेटवू नये असं ठरलं होतं. काकांनी इंग्लंडहून आणलेलं एक पौंडाचं पितळी वजन नातीच्या पायावर पडेल म्हणून गराजमध्ये खोक्यात गेलं. ही माणसं वाईट नव्हती हो. प्रत्येक गोष्ट त्यांच्या काळजीपोटीच होत होती. पण ठरवताना त्यांना कोणी विचारत नव्हतं. काका ब्रिटनबद्दल बोलायला लागले की मला ऋषीचं घर दिसायचं. नात रुही तर ते बोलायला लागले की "आय नो, आजोबा" म्हणून कानात हेडफोन घालायची.

त्यांचं असं उरलं होतं ते फक्त मंडळ. गणपतीची पूजा तेच सांगायचे. सभेत कुठे अडलं की कोणीतरी म्हणायचं, "काका, घटनेत काय आहे?" मग ते चष्मा पुसायचे, सावकाश, दोन्ही काचा, आणि सगळे थांबायचे. महिनाभरात काका काय ते इतकंच बोलत असतील, असं मला वाटतं.

आणि २००८ च्या जानेवारीत शेजारच्या रॅले शहरातल्या मोठ्या मंडळाचं पत्र आलं. तुमची एक्केचाळीस घरं आमच्यात या. शाळेचं मोठं ऑडिटोरियम, भारतातून नाटक, गणपतीला गुरुजी, केटरर. पाडव्याच्या कार्यक्रमानंतर मतदान घ्यायचं ठरलं.

काका पेटून उठले. यादी घेऊन एकेका घरी फोन. त्याच सुमारास इंग्लंडमध्येही तेच चाललं होतं. युरोपच्या घटनेवर लोकांचं मत घेऊ, असं सरकारने कबूल केलं होतं. फ्रान्स आणि हॉलंडच्या लोकांनी ती घटना नाकारली, मग तिचाच बराच मजकूर नव्या नावाने करार म्हणून आला आणि आता लोकांना विचारायची गरज नाही असं सरकार म्हणू लागलं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात पार्लमेंटने लोकमताची मागणी फेटाळली. काका भर दुपारी रिकाम्या घरात कॉम्प्युटरवर ते ऐकत बसले होते. मला ऑफिसात फोन आला. "विचारणार नाहीत म्हणे, कांचन." बस, एवढंच. मी मीटिंगमध्ये होते. "काका, नंतर करते," म्हटलं आणि नंतर काही केला नाही.

मतदानाच्या दिवशी हॉलच्या दाराशी टेबल टाकून मी चिठ्ठ्या देत होते. काका कोट-टाय घालून सगळ्यात आधी रांगेत. मी यादी उघडली आणि माझा हात तिथेच थांबला. बेहेरे, ऋषी आणि कुटुंब. पत्ता एक. समोर ऋषीची सही होती, तो घाईत होता म्हणून रांग लागायच्या आधीच मत देऊन रुहीला सॉकरला सोडायला गेला होता.

काकांनी यादी उलटी करून वाचली. तीन वर्षं त्या पत्त्यावर राहत होते, पण हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. माझ्याही नाही. अपार्टमेंट सोडलं त्याच दिवशी त्यांचं मत गेलं होतं.

मी हळूच एक चिठ्ठी पुढे सरकवली. "घ्या काका. कोण बघतंय."

"सातवं कलम," ते म्हणाले.

"तुम्हीच लिहिलंय ना? मग तुम्हीच मोडा."

"मीच लिहिलंय," ते म्हणाले आणि शेवटच्या रांगेत जाऊन बसले.

आता माझं सांगते. मी विलीनीकरणाच्या बाजूने मत दिलं. सहा वर्षं खुर्च्या उचलून माझी पाठ गेली होती. मला माझे रविवार परत हवे होते. काकांना मी कधी 'नाही' म्हणेन असा शब्द दिला नव्हता, त्यांनी विचारलंच नव्हतं. त्यांनी मला आपलंच धरलं होतं. समोर ते बसलेले असताना मी ती चिठ्ठी दुमडली आणि डब्यात टाकली.

बाजूने एकवीस, विरुद्ध अठरा. दोन घरं आलीच नाहीत. ऋषीने माझ्यासमोर टेबलावरच 'हो'वर खूण केली होती. त्याचं आणि माझं मत विरुद्ध पडलं असतं तर निकाल उलटा लागला असता. हे गणित मी त्याच क्षणी केलं आणि आजवर कोणाजवळ बोलले नाही.

ऋषी परत आला तेव्हा हॉल रिकामा होत होता. त्याला कळलं तसा तो खरंच ओशाळला. "बाबा, मला एकदा म्हणाला असतात तर मी तुमच्यासारखं मत दिलं असतं. मला काय, दोन्ही सारखंच."

काका उठले, कोटाचं बटण लावलं. "मला मत मागायचं नव्हतं रे. द्यायचं होतं."

ऋषीला कळलं की नाही, ठाऊक नाही. त्याने वडिलांचा हात धरला आणि गाडीकडे नेलं.

पुढच्या शनिवारी भाजीच्या दुकानात केळी काट्यावर ठेवून काका म्हणाले, "मी रेडिंगला परत जातोय. तिथल्या माझ्या घरातल्या भाडेकरूंना नोटीस दिली." मी चिडले. चौऱ्याहत्तराव्या वर्षी एकटे राहणार, पडलात तर, रात्री-अपरात्री काही झालं तर, कोण आहे तिकडे? त्यांनी काट्यावरची नजर काढली नाही. "इथे कोण होतं, कांचन? दिवसभर मी आणि तो फ्रिजचा आवाज." मग म्हणाले, "तिथे दारावर माझं नाव आहे. निवडणुकीचं कार्ड माझ्या नावाने येईल."

गाडीत त्यांनी केळ्यांची पिशवी मांडीवर घेतली. घर जवळ आल्यावर म्हणाले, "अठरा घरं उभी राहिली, कमी नाहीत. त्यात तुझं होतं, म्हणून मला फारसं लागलं नाही."

मी एसी वाढवला.

जुलैत ते रेडिंगला गेले. पितळी वजन खोक्यातून काढून हँडबॅगेत घेतलं, त्यावरून एअरपोर्टवर त्यांना बाजूला काढून तपासलं, असं ऋषी सांगत होता.

गणपतीला मी मोठ्या मंडळाच्या ऑडिटोरियममध्ये गेले. सहाशे माणसं. खुर्च्या आधीच मांडलेल्या. मला कोणी काही विचारलं नाही, मी मागे कुठेतरी बसून आरती ऐकली आणि केटररची जिलबी खाऊन घरी आले. पुढचा रविवार अख्खा मोकळा होता. काय करावं सुचेना, म्हणून मी रेडिंगला फोन लावला.

"पूजा कोणी सांगितली?" काकांनी पहिलंच विचारलं.

"गुरुजी आणले होते."

"हं." मागे कुठेतरी किटली शिटी वाजवत होती. चारचा चहा. "इकडे थंडी पडायला लागली. दिवसभर कोणाशी बोलणं होत नाही, घसा बसल्यासारखा वाटतो. तू केलास ते बरं झालं." मग ते म्हणाले, "ऋषीचं मी मनाला लावून घेत नाही. एक तरी माणूस माझ्या बाजूचं होतं तिथे."

मी म्हटलं, "काका, चहा निवेल."

त्याला आता सहा आठवडे झाले. दर रविवारी मी फोन करते, दर रविवारी ठरवते, आणि अजून सांगितलेलं नाही.