मधल्या पक्षाची निवडणूक

माझ्या मुलीचा एक राजकीय पक्ष आहे. देश खोटा, पण पक्ष अगदी मन लावून चालवलेला. तिच्या वर्गातल्या पोरांनी मिळून इंटरनेटवर एक देश काढलाय. नकाशा, झेंडा, संसद, सगळं आहे. देशाचं नाव बाहेर फोडायचं नाही अशी तिनं मला शपथ घातलीय, म्हणून इथेही लिहीत नाही. डावे, उजवे, शेतकऱ्यांचे असे मजेचे पक्ष बाकीच्यांनी पटापट वाटून घेतले. मधला उरला, तो हिच्या गळ्यात पडला. ही म्हणाली, "ग्रँड." ग्रँड म्हणजे आयरिश बोलीत 'ठीक आहे, चालेल', आणि हिचं सगळंच ग्रँड असतं.

मी डॉक्टर. आठवडाभर वॉटरफोर्डला एका भाड्याच्या खोलीत राहायचं, तिथल्या हॉस्पिटलात राबायचं आणि शुक्रवारी गाडी हाणत नावनला घरी यायचं. नवरा सिटीवेस्टला सॉफ्टवेअरमध्ये, रोज घरून जाऊन-येऊन. आयर्लंडला आल्यापासून मी तात्पुरत्या नेमणुकांवरच दिवस काढले, आज हे गाव, उद्या ते. आणि आता वॉटरफोर्डलाच कायमची जागा देत होते. सोमवारी उत्तर द्यायचं होतं. हो म्हटलं तर एक तर सगळ्यांनी बिऱ्हाड उचलून तिकडे जायचं, नाही तर मी माझ्याच घरात कायमची पाहुणी.

नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, "तू म्हणशील तसं." हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. त्यात समजूतदारपणा कमी आणि अंग काढून घेणं जास्त. मुलीला विचारलं. "आय'म ग्रँड, आई." नागपूरहून आलेल्या सासूबाईंना मी विचारलंच नाही, कारण त्यांनी खरंच काहीतरी सांगितलं असतं.

तर त्या शनिवारी खोट्या देशाची निवडणूक होती. अख्खा वर्ग मतदार. मतदान इथल्यासारखंच, म्हणजे नावांपुढे एक, दोन, तीन असे पसंतीचे आकडे घालायचे. ज्याला पहिल्या पसंतीची मतं सगळ्यात कमी तो बाद, आणि त्याची मतं पुढच्या पसंतीला जाणार. ही लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती. सासूबाई शेजारी मटार सोलत होत्या. मी कपड्यांच्या घड्या घालत होते, कारण घरी आलं की तेच.

हिनं वर्गाला मेसेज काय पाठवला होता, तर पहिला नंबर तुम्हाला हवा त्याला द्या, मला फक्त दुसरा द्या. नवऱ्यानं मागून डोकावत तो मराठीत वाचून दाखवला तशा सासूबाई थांबल्या.

"पहिला काहून नाही मागत वं?"

मुलगी तिच्या त्या आयरिश हेलातल्या इंग्रजीत म्हणाली, की असं तोंड वर करून कसं मागायचं, रूड वाटतं.

हे कुठून आलं ते मला बरोबर माहीत होतं. लोकांकडे गेल्यावर ताटलीला आपणहून हात लावायचा नाही. आधी नको म्हणायचं, आग्रह झाला तरच घ्यायचं. आम्हीच घोकून घेतलंय. आता निवडणुकीत हिला कोण आग्रह करणार होतं?

निकाल लागला. जवळजवळ प्रत्येकानं हिला दुसरा नंबर दिला होता. पहिला फक्त एकीनं, म्हणजे हिनं स्वतः. पहिल्याच फेरीत पक्ष बाद. ती एवढी दुसऱ्या पसंतीची मतं कशाच्याच कामाला आली नाहीत. नवरा हसला. हीसुद्धा हसली, पण कान लाल झाले होते.

सासूबाईंनी विचारलं, "मंग तुह्या पक्षाले पायजे तरी काय होतं?"

"कुणी कुणावर चिडू नये," ती म्हणाली.

माझ्या हातातला टॉवेल तसाच राहिला. मी म्हटलं, "आणि तुला? तुला काय पाहिजे? वॉटरफोर्डचं विचारतेय."

"आय'म ग्रँड."

"ग्रँड नको. तुझा पहिला नंबर कशाला, ते सांग."

नवरा "जाऊ दे ना आता" म्हणायला लागला. मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं मटार सोलायला घेतले. पोरगी लॅपटॉपच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. मग मराठीत, शब्द जुळवत जुळवत म्हणाली, "मला शाळा नाही सोडायची. आणि तू रोज घरी पाहिजे." लगेच इंग्रजीत गेली. तुला जमेल तसं कर, माझं काही नाही, वगैरे.

खरं सांगते, ती "जा" म्हणेल असं मला वाटलं होतं. तसं म्हणावं म्हणूनच बहुतेक मी विचारलं. वयात येणाऱ्या पोरींना आई घरात नकोशी असते म्हणे. मला रागच आला, तिचा नाही, माझा, विचारायला गेले म्हणून. कारण तिनं एकदा मागितल्यावर मी नाही म्हटलं, तर ती जन्मात पुन्हा कुणाकडे काही मागणार नाही, एवढं मला कळत होतं.

सोमवारी मी आमच्या वरिष्ठ डॉक्टरबाईंना नाही म्हणून सांगितलं, ही मुदत संपली की घराजवळ मिळेल ती तात्पुरती जागा बघेन म्हटलं. "नीट विचार केलास ना?" त्यांनी विचारलं. हो म्हटलं. राउंड संपवला. मग कार पार्कमध्ये गाडीत बसून रडले. मुलीसाठी नाही, नोकरीसाठी. ती जागा मला फार हवी होती. मला काय हवंय हे त्या टेबलाशी कुणी विचारलं नाही, आणि मीही आपणहून सांगितलं नव्हतं.