जाहिरातीतून गाळलेलं पान

मी रचलेल्या जगाची माहिती अडतीस पानांची झाली होती. अंबरनाथच्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये मी नोकरी करते, आणि दोन वर्षांच्या सगळ्या सुट्ट्या त्या पानांत गेल्या होत्या. मिठावर जगणारा देश, मागे हटलेला समुद्र, तीन राजघराणी, सात वाड्या आणि तटबंदीचं एक शहर. हे सगळं रोलप्लेच्या खेळासाठी होतं. या खेळात प्रत्येक जण एकेक पात्र घेतो, त्या पात्राच्या तोंडून बोलतो, अडलं की फासे टाकतो. खेळ चालवणारा मात्र एकच असतो, आणि बाकीचं सगळं जग त्याच्या तोंडून बोलतं. ते काम मला करायचं होतं. फक्त खेळाडू नव्हते.

आमच्या भागातल्या बोर्ड गेम खेळणाऱ्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. त्यावर मी अख्ख्या फाइलची लिंक टाकली आणि खाली लिहिलं, 'खेळाडू हवेत. पूर्ण वाचून या.' आठवडाभर कुणी काहीच बोललं नाही.

उल्हासनगरला माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीचं कापडाचं दुकान आहे. दुकानावरची खोली रविवारी दुपारी आम्हाला मिळणार होती. फाइल किती पानांची आहे एवढंच तिने पाहिलं आणि हसली.

"इतना कौन पढेगा यार? गिऱ्हाईक आलं की मी सगळं ठाण उलगडून बसते का? हातभर दाखवते. आवडलं तर तोच म्हणतो, और खोलो."

मला पटलं. मी लिंक बंद केली आणि जाहिरातीत फक्त पाच ओळी ठेवल्या. मीठ, समुद्र, शहर. राजघराणी गेली, नकाशे गेले, आणि एकविसावं पानही गेलं. त्या पानावर शहराच्या वेशीचा नियम होता. आत शिरणाऱ्याला पहारेकरी पूर्ण नाव विचारतो आणि नावावरून ठरवतो, कुणाला सोडायचं, कुणाला बाजूला उभं करायचं. खालच्या वाडीची माणसं दिवस मावळेपर्यंत बाहेर थांबतात. हे पान मी जागा वाचवायला गाळलं नव्हतं. तो धक्का मला राखून ठेवायचा होता.

पाच ओळींवर चौघं जमले. मैत्रीण, बदलापूरच्या कॉलेजात शिकणाऱ्या दोघी बहिणी, आणि अंबरनाथच्या शिवमंदिराजवळ राहणारे चाळिशीचे एक गृहस्थ. ते एका ऑफिसात नोकरीला होते. घरमालकाने जागा सोडायला सांगितली होती, त्यामुळे शनिवार घरं बघण्यात जातो, असं पहिल्याच दिवशी बोलता बोलता म्हणाले होते. त्यांनी होडी चालवणाऱ्याचं पात्र घेतलं. समुद्र हटल्यावर होडीवाला काय करत असेल, याचा त्यांनी घरून विचार करून आणला होता. कोण कुठल्या वाडीचा ते आम्ही चिठ्ठ्या टाकून ठरवलं. त्यांना खालची वाडी आली. मी मनात खूश झाले.

तिसऱ्या रविवारी सगळे वेशीपाशी पोहोचले. मी खुर्चीत मागे रेलले, समोरच्या कागदावरून नजर न उचलता म्हणाले, "नाव?"

त्यांनी होडीवाल्याचं नाव सांगितलं.

"नुसतं नाव नको. पूर्ण सांगा."

त्यांनी सांगितलं.

"बरं. आणि मूळचे कुठले?"

आवाज आपोआप येत होता. गोड, सावकाश, घाई नसलेला. मैत्रीण म्हणाली, "क्या बात है, एकदम असली." बहिणी हसल्या. ते हसले नाहीत. त्यांनी समोरचे फासे एकावर एक रचले.

"पुढे काय होतं?" त्यांनी विचारलं. हा आवाज होडीवाल्याचा नव्हता.

"तुम्हाला बाजूला थांबावं लागतं. बाकीचे आत जातात."

"किती वेळ?"

"दिवस मावळेपर्यंत."

खालच्या दुकानातून कापड फाडल्याचा आवाज आला.

"मॅडम, हे आधीपासून ठरलेलं होतं?"

"हो. एकविसाव्या पानावर आहे."

"ते पान आम्हाला दिलं नव्हतंत."

"सरप्राइज म्हणून..." एवढंच माझ्या तोंडून निघालं.

ते शांतपणे म्हणाले, "काल पालेगावात फ्लॅट बघायला गेलो होतो. हाच क्रम. नाव, मग पूर्ण नाव, मग मूळचे कुठले. मग म्हणाले, फ्लॅट सकाळीच गेला. 'भाड्याने देणे आहे' ही पाटी खिडकीत तशीच होती." त्यांनी बॅग उचलली. "आम्ही बौद्ध. त्यामुळे मला यात नवीन काही नाही. पण रविवारी दोन तास मी इथे दुसरा कुणीतरी व्हायला येतो."

ते जिना उतरून गेले. मैत्रिणीने विचारलं, "तुला माहीत नव्हतं ना?"

"नाही," मी म्हणाले. ते अर्धंच खरं होतं. त्यांचं मला माहीत नव्हतं, पण पहारेकऱ्यासाठी मी काढलेला तो आवाज कुणाचा, ते जिना वाजत होता तेव्हाच मला कळलं होतं. तो माझ्या काकांचा होता. पालेगावची आमची जमीन बिल्डरकडे गेली, बदल्यात फ्लॅट मिळाले, आणि भाडेकरू बघायचं काम काकांकडे आलं. काका भाडेकरूंना बसवायचे त्या खोलीत कॉलेजात असताना मी कितीदा तरी पाणी घेऊन गेले आहे. नाव, पूर्ण नाव, मूळचे कुठले. मला ती काकांची पद्धत वाटायची. पुढे तीच मी एकविसाव्या पानावर उतरवली, आणि आपण काहीतरी नवं रचलं असं मानून बसले.

पुढचे चार दिवस एकच गोष्ट डोक्यात होती. शनिवारी त्यांना काकांनीच परत पाठवलं असेल का? त्यांना दोनदा फोन केला, त्यांनी उचलला नाही. गुरुवारी काकांना केला.

"काका, शनिवारी फ्लॅट बघायला कुणी आलं होतं?"

"येतात गं रोज. का, तुझ्या ओळखीचं कुणी?"

"नाही."

"मग झालं. आपण माणूस बघूनच देतो."

मी फोन ठेवला. नाही म्हणायची मला काहीच गरज नव्हती.

शुक्रवारी त्यांचा मेसेज आला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शिवमंदिराजवळच्या एका टपरीवर आम्ही भेटलो. मी आधी जाहिरातीतून काय काय गाळलं ते सांगितलं, मग काकांचं, मग फोनवरचं 'नाही' सांगितलं. त्यांनी बिल्डिंग कुठली ते विचारलं. मी सांगितली.

"मी तिथे नव्हतो गेलो," ते म्हणाले. मला हायसं वाटलं, आणि ते त्यांना दिसलं. "गेलो असतो तर?"

"तेच झालं असतं."

त्यांनी मान हलवली.

"राजघराणी नाही सांगितलीत तरी चालतं," ते म्हणाले. "समुद्र का हटला ते खेळताना कळण्यातच मजा आहे. पण मला दारात उभं करणार आहात, हे मला आधी कळायला हवं. मग यायचं की नाही ते मी ठरवीन. कदाचित आलोही असतो."

"आता याल?"

"या खेळात नाही."

त्याच रात्री मी जाहिरात बदलली. पाच ओळी तशाच ठेवून खाली लिहिलं, 'या जगात नाव विचारून माणसाला अडवतात. हे खेळात समोर येईल. नको असेल तर कळवा.' पुढच्या रविवारी पालेगावला जाऊन काकांना म्हणाले, आडनाव विचारणं बंद करा. काकांनी विचारलं, "हे कुणी शिकवलं तुला?" काकू उठून आत गेली. त्यानंतर काका माझ्याशी कामापुरतंच बोलतात. विचारणं बंद झालेलं नाही.

त्या गृहस्थांना पुढे बदलापूर पूर्वेला घर मिळालं. तिथे त्यांनी स्वतःचा खेळ सुरू केला, हे मला मैत्रिणीकडून कळलं. तिला आणि दोघी बहिणींना त्यांनी बोलावलं होतं.

"तुझ्यासाठी विचारू त्यांना?" ती म्हणाली.

"नको."

आमच्या खेळातली एक जागा दोन महिने रिकामी होती. मग ग्रुपवरच्या एका बाईंचा मेसेज आला. जाहिरातीतली शेवटची ओळ वाचली, म्हणाल्या, आणि प्रश्न सुरू केले. वेशीवर कोण असतं? त्याला उलट बोलता येतं का? तो नियम मोडता येतो का, की तुम्ही तो मोडू देणार नाही? अर्धा तास त्या विचारत होत्या. मी एकेकाचं उत्तर लिहीत गेले. जिथे मला स्वतःलाच माहीत नव्हतं, तिथे तसं लिहिलं. शेवटी त्यांनी लिहिलं, 'रविवारी येऊन बघते. पटलं नाही तर मधेच उठेन.'

मी लिहिलं, 'चालेल.'